हिरवळीवरचे वाद

नियमांचं पुस्तक माझ्या पिशवीत असतं,
म्हणून गुरुवारचे सगळे वाद माझ्याकडे येतात.
वडील रत्नागिरीच्या कोर्टात नाझर होते.
कलम संपेपर्यंत ओळीवरचं बोट उचलायचं नाही,
एवढी इस्टेट मला मिळाली.

ब्रोराच्या या मैदानात मेंढ्या चरतात,
हिरवळीभोवती गुडघ्याएवढी विजेची तार.
तरी एखादी आत येतेच.
मोराग गन विचारते,
मेंढीनं चेंडू नाकानं ढकलला, आता?
होता तिथे ठेव. दंड नाही.
आणि माझ्याच बुटानं ढकलला तर?
चुकून?
चुकून.
हिरवळीवर चुकून झालेलं माफ आहे, मोराग.
'फक्त हिरवळीवर?'
फक्त हिरवळीवर. त्या पलीकडच्या गवतात एक फटका दंड.

वाऱ्याचं कलम पाठ व्हायला मात्र मला दोन हिवाळे लागले.
चेंडूला अजून हात लावला नसशील,
तर वारा नेईल तिथून खेळायचं.
होलजवळ नेला तर नशीब,
उताराला लावला तरी नशीबच.
पण एकदा खूण ठेवून उचललास,
पुसून परत जागेवर ठेवलास,
की ती जागा त्याची.
मग वारा कुठेही नेऊ दे,
आणून तिथेच ठेवायचा.

'वारा तोच, चेंडू तोच,' मोराग कुरकुरते.
मी खुणेचं नाणं खाली ठेवते,
कंगोरेदार दहा पैसे,
आता तिकडेही कोणी घेत नाही.
मला ते कलम बरोबर वाटतं.
मला कोणी खूण ठेवून उचललं नव्हतं.
वाऱ्यानं आले, थांबले तिथून खेळले.
हे मोरागला सांगितलं नाही;
मागे चौघी खोळंबल्या होत्या.

सोळाव्या होलला एफी मकायचा चेंडू काठावर येऊन थांबला,
उंबऱ्यात चपला काढत रेंगाळणाऱ्या पाहुण्यासारखा.
एफी एक्याऐंशीची, उजवा गुडघा नवा.
चालत पोचायला लागेल तेवढा वेळ तिच्या हक्काचा,
वर दहा सेकंद.
त्यानंतर पडला तर पडला म्हणायचं,
पण एक वाढवायचा.

मी मोजू लागले. मराठीत.
एकतीस वर्षं गोल्स्पीच्या औषधांच्या दुकानात
गोळ्या मराठीतच मोजल्या, पण मनात.
त्या दिवशी तोंडातून आलं.
चार. पाच. सहा.
एफी वाकलेली, श्वास धरून, जणू तिच्या श्वासानंच तो उलटा जाईल.
तारेचं यंत्र टक् टक् करत होतं
आणि त्याचा ठेका माझ्याशी जुळत नव्हता.
नऊ. दहा.
मग, कुणी काही केलं नसताना,
टप्.

'पडला!'
पडला. चार, अधिक एक.
'तुझ्या भाषेत दहा फार लवकर येतात.'
मी मनात पुन्हा म्हणून पाहिलं.
खरंच, आखूड आहेत आमचे आकडे.
पुस्तक उघडलं, ओळीवर बोट ठेवलं.
पुस्तकात सेकंद दहा होते,
कोणत्या भाषेतले, ते नव्हतं.
एफीनं कार्डावर पाच लिहिले,
पेन्सिलीचं टोक मोडेपर्यंत दाबून.

पुढच्या गुरुवारी माझा चेंडू काठावर.
'मी मोजते,' एफी म्हणाली,
आणि तिच्या तोंडून कधी न ऐकलेल्या भाषेत सुरू झाली,
तिची आजी मासे मोजायची त्या भाषेत.
ऊन. घा. त्री.
तिसरा जवळजवळ आमचाच.
प्रत्येक आकडा ती खोल पाण्यातून ओढून काढत होती.
आठाला अडली.
ओठ हलले, नऊ येईना.
तार टकटकत राहिली, किती वेळा ते मी मोजलं नाही.
मोराग समुद्राकडे बघत होती.
चेंडू पडला.

पुढचा आकडा मोजणाऱ्याला आठवला नाही तर काय,
यावर पुस्तकात काही असेलही.
मी उघडलं नाही.
तीन लिहिले.